कॉटखालच्या विटा

गोकर्णा सकाळी बरी असायची आणि संध्याकाळी तिला दम लागायचा. रोज. सकाळच्या राउंडला नाडी ताळ्यावर, छाती मोकळी. "झोप लागली का गं?" विचारलं की पदराआडून हसायची. संध्याकाळच्या राउंडला तीच पोरगी कॉटची कड धरून बसलेली, नाकपुड्या फुललेल्या. पाठीला स्टेथोस्कोप लावला की खालच्या भागात बारीक बुडबुडे वाजायचे. बुडबुडे म्हणजे फुप्फुसात पाणी उतरायला लागलं. पोटात सातव्या महिन्याचं बाळ. औषधं तीच, जेवण तेच, कॉट तीच. मग दुपारी असं होत होतं तरी काय? माझं डोकं भणभणून गेलं होतं.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी बायकांच्या वॉर्डची डॉक्टर होते. कुठला दवाखाना ते सांगत नाही. ज्यांच्यावर मी चिडले ते आज उत्तर द्यायला नाहीत. राग मात्र माझा अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

गोकर्णा धामणगाव बढ्याची सून. माहेर धाडचं. लहानपणी तिला सांधे सुजण्याचा ताप येऊन गेला होता. त्या तापाची गंमत अशी, की सांधे बरे होतात आणि हृदयाची झडप खराब होते. झडप म्हणजे हृदयाच्या दोन कप्प्यांमधलं दार. फुप्फुसातून शुद्ध रक्त येतं ते या दारातून पुढे जातं. तिचं दार आखडून अरुंद झालेलं होतं. एरवी शेतात खुरपणी-निंदणी करताना थोडं धापायची, घरचे म्हणायचे नाजूक आहे. पण बाई गरोदर राहिली की अंगातलं रक्त वाढतं. दार तेवढंच, रक्त जास्त. मग मागे तुंबतं ते फुप्फुसात. तिच्या सासऱ्याला मी एवढंच सांगितलं होतं, "पाटाचं तोंड बुजलंय. पाणी जोरात सोडलं तर वाफे बुडतील." तो भाजीपाला पिकवणारा माणूस. लगेच मान हलवून म्हणाला, "मंग पाणी धीरानं सोडा लागते." बरोबर. सगळी ट्रीटमेंट या एका वाक्यात होती.

तेव्हा मोठ्या शहरांत सर्जन लोक हृदयात बोट घालून अशी झडप मोकळी करायला लागले होते. पण गोकर्णाला त्या अवस्थेत एवढ्या लांब नेणं शक्य नव्हतं. आमचे साहेब, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मॅडम, नागपूरला पाठवून द्या. आपल्याकडे नको."

"साहेब, ती वाटेतच जाईल."

"वाटेत जाईल ना? इथे तर नाही ना जाणार?"

बोलून हसले. मी नाही हसले. ती राहिली माझ्याच वॉर्डात.

उपाय साधे होते. पूर्ण विश्रांती. अळणी जेवण, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. डिजॉक्सिनची गोळी, तिने हृदय सावकाश आणि नीट चालतं. पण ही गोळी थोडी जास्त झाली की विष. लघवी वाढवणारं इंजेक्शन. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे बसून राहणं. आडवं झालं की पायांतलं, पोटातलं रक्त एकदम छातीकडे धावतं. म्हणून कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या, गादीवर लाकडी खुर्ची उलटी ठेवली, खुर्चीच्या तिरप्या पाठीवर उशा. त्यावर रेलून गोकर्णा दिवसरात्र बसायची. लघवीसुद्धा कॉटवरच. खाली पाय टेकवायचा नाही, अशी माझी सक्त ताकीद होती.

असं सगळं असून रोज संध्याकाळी बुडबुडे! डिजॉक्सिन वाढवावं की काय, या विचारापर्यंत मी आले होते. वाढवलं असतं तर पोरगी माझ्याच हाताने गेली असती.

एक दिवस मी वॉर्डात स्टेथोस्कोप विसरले, तो घ्यायला भेटीच्या वेळी परत आले. बघते तर गोकर्णाची कॉट रिकामी. उलटी खुर्ची आहे, उशा आहेत, बाई नाही. मग खाली पाहिलं. कॉटच्या पलीकडे फरशीवर ती उकिडवी बसलेली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, खांदे धापेने वरखाली होताहेत. समोर स्टुलावर तिचा सासरा उखर्डाजी. डोक्याला मुंडासं, मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर नुसती माया. त्याच्या मागे गावाकडून आलेली मंडळी रांगेत उभी. चुलतसासरे, मामेसासरे, शेजारचे म्हातारे. एकेक पुढे येत होता आणि सातव्या महिन्याची ती बाई जमिनीवरून उठून, वाकून, त्याच्या पायावर डोकं ठेवून परत खाली बसत होती. पुन्हा दुसरा. पुन्हा उठणं, वाकणं, बसणं. भेटीची घंटा झाली की ती उंच लोखंडी कॉटवर चढून परत खुर्चीला टेकणार, आणि संध्याकाळी मी येऊन विचार करत बसणार की औषध कुठलं वाढवू!

तळपायाची आग मस्तकात गेली. "काय चाललंय हे? मारायचंय का तिला?"

गोकर्णाची आई तिच्याजवळ राहायला होती. ती घाईने म्हणाली, "काऊन रागावता बाई? मोठे मानसं भेटाले आले. पाया नोको पडू म्हनू का? धाडची पोर हाय माही, वळण हाय तिले."

वळण! लेकीच्या ओठांवर निळसर झाक चढली होती आणि आईला वळणाचं कौतुक. काय बोलावं अशा माणसांना!

मी उखर्डाजीकडे वळले. "तुम्ही रोज येता?"

"हाव बाई. भाजी इकली का गाडी पकडतो. पोर घरापासून लांब हाय, तिले बरं वाटन म्हनून येऊन राह्यलो."

"तुम्ही आलात की ती खाली उतरते. दिसत नाही?"

"उतरनच ना. सासऱ्यासमोर सून बाजीवर बसन का?"

"मग सांगायचं ना तिला, उतरू नको म्हणून!"

"पह्यल्या दिवशी सांगतलं. आयकत नाई ते. म्या सांगतलं तरी तिले लाज वाटते. लहानपनापासून तेच पायलं तिनं."

आता हा माणूस वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं. शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण वाईट कोणीच नव्हतं. सगळे प्रेमाने, मानाने, रीतीने तिचा जीव घेत होते.

मी तिथल्या तिथे गोकर्णाला उचलून वर बसवलं. उखर्डाजीला व्हरांड्यात नेलं आणि सगळं समजावलं. तुम्ही आलात की पाटाला पाणी जोरात सुटतं. वाफे रोज बुडताहेत. एक दिवस ती यातून बाहेर येणार नाही. तिला आडवं झोपू द्यायचं नाही, उतरू द्यायचं नाही, वाकू द्यायचं नाही.

म्हाताऱ्याने मुंडासं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे म्याच करत होतो हे?"

मी रागात होते. "हो," म्हणाले.

"मंग आजपासून आत येत नाई. बाहेरच बसत जाईन."

"आणि गावची मंडळी?"

"त्याइले म्या पायतो."

गावच्या मंडळींवर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी साहेबांकडे गेले. म्हटलं, या पेशंटच्या भेटी बंद करा. साहेबांनी चहाचा घोट घेतला. "मॅडम, लोकांना नाराज कशाला करता? सून सासऱ्याच्या पाया पडली तर तुमचं काय बिघडलं? आपले संस्कार आहेत ते. शिकलेल्या बायकांना हेच सहन होत नाही."

यावर मी काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की त्यांनी भेटी बंद केल्या नाहीत. त्या बंद केल्या उखर्डाजीने. दवाखान्याच्या पायरीजवळ लिंबाचं झाड होतं, तिथे तो रोज येऊन बसायचा. धामणगावाकडून कोणी आलं की तिथेच अडवायचा. "कुठी चाल्ला बे? बस इथी. सून बरी हाय. पाया पडाले उतरत नाई ते आता, डाक्टरीनबाईचा हुकूम हाय." एकदा त्याचा थोरला भाऊ फुगून बसला, म्हणे सुनेने आमचा मान ठेवला नाही. उखर्डाजी म्हणाला, "मान म्या ठेवतो ना तुहा. घे," आणि स्वतः भावाच्या पाया पडला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

संध्याकाळचे बुडबुडे थांबले. औषधाचा एक कणही मी वाढवला नव्हता.

दिवस भरत आले. बाळंतपण हे अशा पेशंटचं मोठं संकट, पण लोकांना वाटतं तसं ते कळांमध्ये संपत नाही. खरा धोका मूल झाल्यानंतर. गर्भाशय आवळतं आणि त्यातलं सगळं रक्त एकदम हृदयाकडे परत येतं. तोवर निभावलेली बाई मूल मांडीवर असताना जाते. म्हणून मी तिला बसवूनच बाळंत केली. जोर लावू दिला नाही, चिमटा लावून मूल काढलं. बाळंतपणानंतर सगळ्यांना सरसकट देतात ते गर्भाशय आवळायचं इंजेक्शन तिला मुद्दाम दिलं नाही. मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज खणखणीत. गोकर्णाला परत तिच्या कॉटवर आणलं. विटा, उलटी खुर्ची, उशा. वॉर्डच्या सिस्टरला समोर उभं करून बजावलं, "काही झालं तरी हिला आडवी करायची नाही. निदान दोन-तीन दिवस." सिस्टर हो म्हणाली. ती जुनी होती, कामाला चांगली होती.

बाहेर येऊन उखर्डाजीला सांगितलं. त्याने पहिलं विचारलं, "सूनबाई बसून हाय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून खात्याचे बडे साहेब तपासणीला येणार होते. दवाखान्यात दोन दिवस झाडझूड चालली होती. व्हरांड्याला चुना, कुंड्यांना गेरू. आमच्या साहेबांनी फर्मान काढलं होतं: चादरींना सुरकुती नको, नातेवाईक बाहेर, सगळे पेशंट सरळ झोपलेले, हात चादरीवर. मी आदल्या संध्याकाळी त्यांना गाठून सांगितलं होतं, "गोकर्णाची कॉट सोडून." साहेब म्हणाले, "बघू बघू."

सकाळी मी लेबर रूममध्ये दुसऱ्या बाईबरोबर अडकले होते. वॉर्डात काय झालं ते मला नंतर कळलं. साहेब राउंडच्या आधी एक चक्कर मारून गेले. गोकर्णाच्या कॉटशी थांबून म्हणाले, "हे काय ध्यान? कॉटखाली विटा? गादीवर उलटी खुर्ची? बड्या साहेबांना हा भंगारखाना दाखवायचा?" सिस्टर काहीतरी बोलायला गेली. साहेबांनी नुसतं पाहिलं तिच्याकडे. बस्स. वॉर्डबॉयने विटा काढल्या, खुर्ची नेली. गोकर्णाच्या आईला बाहेर घालवलं. आणि बाळंत होऊन एक रात्र झालेल्या माझ्या पेशंटला, जिला मी दोन महिने बसवून जगवली होती, सपाट झोपवून गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली.

गोकर्णा काही बोलली नाही. मी नंतर तिला विचारलं, का गं बाई, तोंड नव्हतं का तुला? म्हणाली, "एवढे मोठे साहेब येऊन राह्यले म्हने. मंग कसं बोलाचं?"

लेबर रूममध्ये मला आरडाओरडा ऐकू आला. "ए म्हाताऱ्या, उतर! बाहेर काढा याला!" मी हातमोजे तसेच काढून फेकले आणि धावले.

वॉर्ड कडेपासून कडेपर्यंत चकाचक. बायका फळ्यांसारख्या सरळ. मधल्या वाटेत बडे साहेब आणि त्यांच्यामागे आमचे साहेब, लालबुंद. आणि गोकर्णाच्या कॉटवर उखर्डाजी. मुंडासं, मळकं धोतर. वहाणा मात्र दाराशीच काढलेल्या. कॉटच्या डोक्याकडे, भिंतीकडे तोंड करून तो मांडी घालून बसला होता. दोन्ही हातांनी लोखंडी गज घट्ट धरलेले. त्याच्या पाठीला पाठ लावून गोकर्णा बसती केलेली. तिची मान मागे त्याच्या खांद्यावर टाकलेली, ओठ निळे, तोंडाच्या कडेला गुलाबी फेस. पाठमोरा होता तो. सुनेचं तोंड त्याला दिसत नव्हतं आणि तिला त्याचं.

आईला बाहेर काढलं तेव्हा ती रडत लिंबाखाली गेली होती. उखर्डाजीने खिडकीतून आत पाहिलं, सून आडवी दिसली. मग त्याने कोणाला विचारलं नाही. ज्या माणसाने ती घरात आल्यापासून सुनेच्या अंगाला बोट लावलं नव्हतं, त्याने भरल्या वॉर्डात तिला उचलून बसती केली आणि स्वतःची पाठ दिली.

साहेब ओरडत होते, "बायकांच्या वॉर्डात पुरुष! कॉटवर! उतर आधी!"

उखर्डाजी वळलासुद्धा नाही. भिंतीला सांगितल्यासारखं बोलला, "डाक्टरीनबाईनं सांगतलं, झोपू द्याचं नाई. ते येईलोक म्या उठत नाई. माराचं तं मारा."

"आले मी," म्हणाले. "उठू नका. तसेच बसा."

"मॅडम, राउंड चालू आहे!" आमचे साहेब.

"साहेब, बाजूला व्हा. ही मरतेय."

आयुष्यात वरिष्ठांना मी तेवढ्या जोरात कधी ढकललं नव्हतं. नुसतं बोलून नव्हे, खांद्याने. गोकर्णाचे पाय कॉटवरून खाली सोडले, म्हणजे रक्त पायांत उतरतं. ऑक्सिजनचं नळकांडं ओढलं. मॉर्फिन दिलं, लघवीचं इंजेक्शन दिलं. हातापायांना आळीपाळीने पट्टे आवळले, म्हणजे तेवढं रक्त थोडा वेळ हृदयाकडे जात नाही. सिस्टर रडत रडत सगळं हातात देत होती. उखर्डाजी हलला नाही. त्याच्या बंडीची पाठ सुनेच्या घामाने भिजून गेली होती. फेस थांबला. मग ओठांचा रंग बदलला. मग तिने डोळे उघडले आणि समोर एवढे पुरुष बघून पहिलं काय केलं असेल? पदर चाचपला.

"राहू दे तो पदर!" मी खेकसले आणि मलाच रडू आलं.

बड्या साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. डॉक्टर माणूस होता, काय चाललंय ते त्याला कळलं नसेल असं नाही. घड्याळ पाहिलं आणि पुढच्या कॉटकडे गेला. जाताना म्हणाला म्हणे, वॉर्ड स्वच्छ आहे.

दुपारी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. वाटलं, दोन शब्द तरी बोलतील. म्हणाले, "मॅडम, तुमच्या पेशंटमुळे आज खाली बघायची पाळी आली. त्या म्हाताऱ्याला काही रीतभात?"

"साहेब," मी म्हणाले, "सून पाया पडायला खाली उतरायची तर तुम्ही म्हणालात संस्कार. आज तुमच्या बड्या साहेबांच्या पाया तुम्ही तिला झोपवून पाडलंत. फरक एवढाच, की म्हाताऱ्याला सांगितलं तर त्याला कळलं."

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी जातच होते.

गोकर्णा बरी झाली. मुलीला पाजण्याइतकी, हळूहळू चालण्याइतकी. पुढे झडपेचं ऑपरेशन होईपर्यंत दुसरं मूल नको, हे मी तिच्या नवऱ्याला आणि उखर्डाजीला समोरासमोर बजावलं, आणि ते त्यांनी पाळलं. घरी न्यायच्या दिवशी मी म्हाताऱ्याला म्हटलं, आता या आत. तो दाराशी आला. गोकर्णा मुलीला घेऊन कॉटवर बसली होती. त्याला बघितलं आणि सवयीने पाय खाली सोडले. उखर्डाजी गर्रकन वळला, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि दाराकडे बघत म्हणाला, "बस सूनबाई. म्या समोर नाई."

ती बसून राहिली. नात मी त्याच्याकडे मागूनच दिली.

ती मंडळी गेल्यावर मी गावातून गवंडी बोलावला. त्या कॉटच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटांचे ओटे रचून पाय सिमेंटमध्ये पक्के करून घेतले. सिमेंट वाळतंय तोच साहेब राउंडला आले. थांबले. वाकून खाली बघितलं.

"मॅडम, हे काय नवीन?"

"काही नाही साहेब," मी म्हणाले. "ही कॉट आता कोणासाठीच खाली उतरणार नाही."